व्हर्च्युअल राऊटर अपग्रेड: चालू राऊटरला पॅच लावू की क्लीनअप करून नवा उभारू?

रात्रपाळी_३९२२

नमस्कार मंडळी. अपाची क्लाउडस्टॅक या क्लाउड चालवायच्या सॉफ्टवेअरवरचं एक क्लाउड मी एकटीच सांभाळते. मॅनेजमेंट सर्व्हर ४.१७ वरून ४.१९ वर नेला, ते काम सुरळीत झालं. पण आता यादीतल्या ३८ व्हर्च्युअल राऊटरपुढे (एकेका नेटवर्कचं बाहेरचं येणं-जाणं सांभाळणाऱ्या व्हीएम, म्हणजे आभासी मशीन) 'अपग्रेड आवश्यक' असं दिसतंय, आणि तोपर्यंत त्या नेटवर्कांवर साधा फायरवॉल रूलसुद्धा टाकता येत नाही. राऊटर जुना आहे म्हणून कमांड पाठवता येत नाही, असं सांगून काम तिथेच थांबतं.

पाच राऊटर क्लीनअपसह, म्हणजे जुना काढून नवा उभारून, रीस्टार्ट केले. चार नीट उभे राहिले. पाचव्यावर साइट-टू-साइट व्हीपीएन (दोन ठिकाणची नेटवर्कं जोडणारा सुरक्षित टनेल) होतं. टनेल वर आला, पिंग गेला, लॉगिनचं पान उघडलं, मी निश्चिंत झाले. दीड तासाने फोन आला की फाइल अपलोड अर्ध्यात अडकतेय. तुकडे न करण्याचा पर्याय लावून पिंग केला, तर १३०० बाइटचा जायचा आणि १४७२ चा गडप. तेव्हा आठवलं, दोन वर्षांपूर्वी मीच ३९२२ पोर्टवरून त्या राऊटरमध्ये शिरून एमएसएस (एका टीसीपी पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) कमी आकड्यावर बांधणारा आयपीटेबल्सचा, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचा, एक रूल हाताने घातला होता. कुठे लिहून ठेवला नव्हता. राऊटर नवा झाला, रूल गेला. शोधून पुन्हा घालेपर्यंत पहाटेचे चार वाजले. त्या लोकांचं रात्रभराचं बॅकअप राहिलं, हे मला फार लागलंय.

उरलेल्या ३३ चं काय करू? लाइव्ह पॅचने भागेल का?

जुना_गेटवे

आधी एक बघा: नव्या आवृत्तीसाठी सिस्टम व्हीएमचा टेम्पलेट (ज्यावरून राऊटर उभे राहतात तो डिस्कचा साचा) बदललाय का. लाइव्ह पॅचची सोय ४.१७ मध्ये, म्हणजे २०२२ साली आली. त्यात चालू राऊटरच्या आतल्या स्क्रिप्ट आणि कोड बदलतात, सेवा पुन्हा सुरू होतात. डिस्क, कर्नल, पॅकेजेस जुनीच राहतात. रिलीज नोट्समध्ये नवा टेम्पलेट सांगितला असेल तर पॅचवर विसंबू नका. आणि सेवा रीस्टार्ट होताना क्षणभर हिसका बसतोच, तेव्हा भर कामाच्या वेळी बटण दाबू नये.

क्लीनअपची भीती मात्र जरा जुनी आहे. पूर्वी आधी राऊटर पाडायचे आणि मग नवा उभारायचे, मधली मिनिटं सगळं बंद. ४.११ च्या काळापासून नवा आधी तयार होतो, मग जुना जातो. शिवाय राऊटर नसताना एकाच नेटवर्कातली व्हीएम आपापसात बोलतच असतात. बंद पडतं ते बाहेरचं येणं-जाणं, डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणं) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं).

पॅकेट_मोजणारा

माझं मत स्पष्ट आहे, ताई: क्लीनअपच करा, सगळ्या ३३ वर. पॅच लावलात तर हाताने घातलेले रूल आतच दडून राहतील आणि पुढे कधीतरी होस्ट बंद पडून राऊटर नव्याने उभारावा लागला की ऐन वेळी निघून जातील. ते आत्ताच, तुम्ही जाग्या असताना उघडे पडलेले बरे.

शोधायचे कसे? त्याच ऑफरिंगवर (नेटवर्कच्या सेवांचा ठरलेला साचा) एक रिकामं चाचणी नेटवर्क काढा. त्याच्या कोऱ्या राऊटरची आयपीटेबल्सची यादी आणि रूटिंग टेबल उतरवा, जुन्या प्रत्येक राऊटरशी ओळीओळीने ताडून पहा. पोर्टलवरून टाकलेले रूल वजा केलेत की उरतं ते हातचं.

आता तुमचा एमएसएस. सार्वजनिक नेटवर्क व्हीएक्सलॅनवरून (एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून नेण्याची पद्धत) येतंय का? त्या वेष्टनाचे ५० बाइट जातात, म्हणजे खालची वायर १५०० ची असेल तर हाती १४५०. ४.१८ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्येच राऊटरच्या सार्वजनिक आणि खासगी बाजूचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) देता येतो. तिथे दिलेला आकडा डेटाबेसमध्ये राहतो, राऊटर दहा वेळा नवा झाला तरी परत लागतो. सार्वजनिक बाजूला १४५० द्या. मग टनेलच्या आयपीसेक एन्क्रिप्शनचं ओझं किती ते राऊटर स्वतः धरतो आणि मोठं पॅकेट आलं की आयसीएमपीने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे संदेश) परत कळवतो. फक्त व्हीएमच्या फायरवॉलने ते आयसीएमपी अडवलेलं नसावं, नाहीतर पुन्हा तीच अडकलेली अपलोड.

शेजारी_नोड

ज्या नेटवर्कांना क्षणभराचाही खंड चालत नाही त्यांना रिडंडंट राऊटर, म्हणजे मुख्य आणि बॅकअप अशी जोडी, द्या. त्यांवर कीपअलाइव्हडी हा प्रोग्राम व्हीआरआरपी (मुख्य राऊटर गेला तर दुसऱ्याकडे ताबा देणारा प्रोटोकॉल) चालवतो. दर सेकंदाला एक घोषणा आणि प्राधान्य १०० असेल, तर मुख्य राऊटर अचानक गेल्यावर दुसरा साधारण ३.६ सेकंदांत ताबा घेतो. चालू कनेक्शनांची नोंद कॉनट्रॅकडी हा प्रोग्राम पलीकडे पाठवत असतो, त्यामुळे ती सहसा तुटत नाहीत. अपग्रेडच्या वेळी आधी बॅकअप बदलतो, मग मुख्य.

रात्रपाळी_३९२२

मनापासून आभार. सार्वजनिक नेटवर्क व्हीएक्सलॅनवरच आहे, वायर १५०० ची. चाचणी नेटवर्कावर एमटीयू १४५० दिला, हातचा रूल न घालता टनेल जोडला आणि ४ जीबीची फाइल चढवली. एका दमात गेली.

काल दिवसभर ३३ ही राऊटर ताडून पाहिले. तिघांत हातचं सापडलं: दोघांत हाच एमएसएस, तिसऱ्यात एक स्टॅटिक रूट, जो कोणी आणि का घातला ते मला अजून कळलेलं नाही. टेम्पलेटही बदललाय, म्हणजे क्लीनअपच. आज रात्री बिनटनेलचे आठ घेते, टनेलवाले शनिवारी. तो स्टॅटिक रूटवाला सगळ्यांत शेवटी, त्या नेटवर्कच्या माणसाशी बोलल्याशिवाय हात लावणार नाही.