दूध आहे, पण बाळ पकडत नाही

"तिसऱ्या दिवशी दूध भरपूर उतरलं, पण बाळ दोनदा ओढून रडतं, म्हणजे त्याला अंगावरचं आवडत नाही," हे या चर्चेत एका आईने लिहिलेलं तिच्या सासूबाईंचं मत मला अजिबात पटत नाही. बाळाला आवडतंच, त्याला ते धरता येत नाहीये. या दिवसांत छाती दाटते, बोंडाभोवतीचा काळा भाग ताठ होतो आणि बाळाच्या तोंडात मावत नाही. मग ते नुसतं बोंड चोखत बसतं, दूध मिळत नाही आणि आईला चिरा पडतात. फार दुखतं हो ते!

माझ्या वेळी नर्सताईंनी दाखवलेलं इथे कुणी लिहिलेलं नाही. पाजायच्या आधी बोटांची टोकं बोंडाच्या अगदी कडेला ठेवून मिनिटभर छातीच्या दिशेने हलकेच दाबून धरायची, मग बोटं फिरवून पुन्हा. तो भाग मऊ पडतो. थोडं दूध हाताने वाटीत काढायचं आणि बाळाने मोठा आ केला की जवळ घ्यायचं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. वाटीतलं चमच्याने पाजा, लगेच बाटली नको. छातीला गरम शेक द्यायचा तो पाजण्याआधी थोडाच वेळ, पाजून झाल्यावर गार पाण्याची घडी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले होत नसतील, बाळ पाजायलाही उठत नसेल किंवा तुम्हाला ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.