लोड बोर्डवरील युटिलिटी लाइन ‘हाय’ का होत नाही?

प्रश्न: आमच्या लोड बोर्डवर (चिप तपासणाऱ्या टेस्टरला जोडायचा बोर्ड) एका युटिलिटी लाइनने (टेस्टरची प्रोग्राममधून चालवता येणारी कंट्रोल लाइन) ५ व्होल्टचा रीड रिले व्यवस्थित चालतो, परंतु तशाच दुसऱ्या लाइनला अ‍ॅनालॉग स्विचची कंट्रोल पिन जोडली असता, प्रोग्राममधून कोणतीही स्थिती दिली तरी ती ‘हाय’ होत नाही. टेस्टरच्या कार्डातच दोष असेल का?

उत्तर: कार्ड बदलण्याआधी तो आउटपुट ओपन-ड्रेन आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. असा आउटपुट लाइनला फक्त ग्राउंडकडे ओढतो. रिलेच्या कॉइलचे दुसरे टोक ५ व्होल्टला असल्याने तिथे अडचण येत नाही. स्विचच्या पिनला मात्र पुल-अप, म्हणजे लाइनला सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर, लागतो. ४.७ किलोओहम पुरेसा आहे, पण तो स्विचच्याच लॉजिक सप्लायला जोडावा, ३.३ व्होल्ट सहन करणाऱ्या पिनवर ५ व्होल्ट चढू देऊ नयेत.

आणखी एक उत्तर: सहमत. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड (कॉइल बंद होताना उसळणारा व्होल्टेज रोखणारा) आहे ना, तेही तपासा. ५०० ओहमची कॉइल १० मिलिअँपिअर घेते, पण एकाच लाइनवर अशा आठ कॉइल टाकल्या की ८० होतात. तेवढा प्रवाह लाइनला झेपत नसेल, तर मध्ये यूएलएन२८०३ ही जास्त प्रवाह पेलणारी ड्रायव्हर चिप घालावी.

प्रश्नकर्ता: पुल-अप लावताच पिन ‘हाय’ झाली. आभारी आहे.