एएमडी लॅपटॉप, मिंट आणि गायब वायफाय: एएक्स२११ घेऊ का?

पलासियाकर:
एएमडी रायझनचा लॅपटॉप, लिनक्स मिंट २० टाकलंय. बाकी सगळं चालतं, वायफायचं नावच नाही. आतले भाग दाखवणारी 'एलएसपीसीआय -एनएन' कमांड चालवली तर वायफाय कार्ड रियलटेक आरटीएल८८२१सीई, आयडी १०ईसी:सी८२१ असं येतं. सिल्व्हर मॉलमधला दुकानदार म्हणतो, इंटेलचं एएक्स२११ वायफाय कार्ड टाका, काम होऊन जाईल. घेऊ का?

टक्स_तात्या:
अजिबात नको. एएक्स२११ सीएनव्हीआय कार्ड आहे. त्यावर फक्त रेडिओ असतो, बाकीचं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं. तुमच्या एएमडीच्या बोर्डावर ते खाचेत छान बसेल, पण लिनक्सच काय, विंडोजलाही दिसणार नाही.

आणि मुळात कार्ड बिघडलेलंच नाही. मिंट २० चा कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.४, ८८२१सीईचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये आला ५.९ पासून. मिंट २० चा सपोर्टही एप्रिल २०२५ मध्ये संपला. मिंट २२ पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा, त्याचा कर्नल ६.८ आहे. वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, सगळं तपासा आणि मगच डिस्कला हात लावा.

गिटहबवरचा ड्रायव्हर कंपाइल करायच्या फंदात पडू नका. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर सही नोंदवल्याशिवाय लोडच होत नाही.

खिडकीबंद:
तात्या बरोबर बोलले. फक्त, ८८२१सीई दिसायला लागलं तरी अधूनमधून तुटतं, बहुतेकदा पॉवर सेव्हिंगमुळे. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये वायफाय पॉवरसेव्हची फाइल आहे, तिथे ३ चं २ (म्हणजे पॉवर सेव्हिंग बंद) करा आणि रीस्टार्ट.

तरीही रडलं तर एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. २०१ आणि २११ नको, तीही सीएनव्हीआयच. कार्डाचा आकार एम.२ २२३०, खाचेचा प्रकार ('की') ए+ई. लॅपटॉप खोलल्यावर आधी बॅटरीची केबल काढा. अँटेनाचं टोक बोटाने सरळ वरून दाबा, तिरकं गेलं की चेपतं. ८८२१सीई एकाच अँटेनावर चालतं, त्यामुळे आत एकच वायर असू शकते. मग नवं कार्ड जोडलं जाईल, पण पूर्ण वेग मिळणार नाही.

पलासियाकर:
लाइव्हमध्ये वायफाय लगेच आलं! झाकण उघडल्यावर मात्र स्क्रीन काळीच.

टक्स_तात्या:
बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) स्लीप स्टेटला 'विंडोज' आणि 'लिनक्स' असे पर्याय दिसले तर 'लिनक्स' निवडा. नसतील तर बायोस अपडेट करा, आणि इन्स्टॉलनंतर अपडेट मॅनेजरच्या व्ह्यू मेन्यूतून नवा कर्नल टाका. जुना काढू नका.