फाइल 'चंक'मध्ये वाचणे: खंड, तुकडा की टप्पा?

– पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवर मराठीत लिहितोय, मोठी फाइल थोडीथोडी वाचायचा भाग आलाय. एका वेळी जेवढा मजकूर मेमरीत येतो त्या 'चंक'ला काय म्हणावं? मी 'खंड' लिहिलंय पण वाचताना अडखळायला होतंय.

– खंड नको, अर्थच वेगळा होतो. खंड कुणीतरी विचार करून पाडलेला असतो, विषय संपला की खंड संपतो, कोशाचे खंड असतात तसे. चंकला मजकुराशी देणंघेणं नसतं, रीडला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या पायथॉनच्या फंक्शनला, ४०९६ सांगितलं की तेवढं उचलून आणणार, मग मधेच शब्द तुटो नाहीतर अक्षर. म्हणून 'तुकडा'.

आणि मराठीत अक्षर खरंच तुटतं बरं का. यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं आणि स्पेस १ बाइटची, त्यामुळे फाइल बायनरी मोडमध्ये, नुसते बाइट म्हणून, उघडून प्रत्येक तुकडा सुटा डिकोड करायला, म्हणजे बाइटची अक्षरं करायला, गेलात की कुठेतरी अर्धं अक्षर हातात येतं आणि युनिकोड डिकोड एरर. टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून उघडल्यावर, रीडचा आकडा बाइटचा नाही, कॅरेक्टरचा, आणि अर्धवट बाइट पायथॉन स्वतः सांभाळतं. तरी जोडाक्षर फुटू शकतं, 'क्षि' म्हणजे क, हलन्त, ष, वेलांटी अशी ४ कॅरेक्टर, रीडला २ दिलेत तर 'क्' आधी येणार आणि 'षि' पुढच्या तुकड्यात.

– आमच्याकडे सगळे 'टप्प्याटप्प्याने वाचतो' म्हणतात, मग 'टप्पा' का नको?

– ताई, वाचण्याच्या क्रियेला टप्पा छानच आहे, पण व्हेरिएबलमध्ये ठेवायला टप्पा चालत नाही, तिथे तुकडा लागतो. "फाइल टप्प्याटप्प्याने वाचा, एक तुकडा वापरून झाला की पुढचा मागवा", दोन्ही शब्द आपापल्या जागी.

– लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची फाइल, असेल तर तुकडे करायचेच कशाला, फॉर लूप लावा, ओळ-ओळ येते, आणि तिला ओळच म्हणा, चंक नको. फक्त अख्खी फाइल एकाच ओळीत असली, काही जेसन नावाच्या डेटा-फाइली असतात तशा, तर ती एक ओळच सगळी मेमरी खाईल, तिथे तुकडेच बरे.

– 'तुकडा' ठेवतो मग. आणि चंक साइज?

– 'तुकड्याचं माप' लिहा. फक्त हे माप जास्तीत जास्त किती याचं आहे हे सांगा, शेवटचा तुकडा बहुतेक वेळा त्याहून लहान निघतो आणि त्यानंतर रिकामी स्ट्रिंग येते, लूप तिथे थांबवायचा.