मदत हवी आहे: गाडीचा हीटर गरम व्हायला फार वेळ लागतो

नमस्कार. माझ्या पेट्रोल गाडीच्या हीटरमधून गरम हवा येण्यास हल्ली २५ मिनिटे लागतात. पूर्वी ८-१० मिनिटे पुरत असत. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी तपासली, ती योग्य आहे. मला अधिक महत्त्वाची वाटणारी खूण अशी, की मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तापमानाचा काटा मध्यापर्यंत पोहोचतच नाही, परंतु गाडी थांबवून इंजिन चालू ठेवले की तो हळूहळू वर चढतो. यावरून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असावा आणि कूलंट सुरुवातीपासूनच रेडिएटरमधून फिरत असावे, असा माझा अंदाज आहे. कारण केवळ हीटर कोअर (गरम कूलंटच्या उष्णतेने गाडीतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर) तुंबला असता, तर काटा नेहमीप्रमाणे वर गेला असता. तरीही गॅरेजमध्ये थेट कोअर बदलण्याचा सल्ला मिळाला. त्यासाठी अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून मी थांबलो आहे.

थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा पाइप कोमट होऊ लागला, तर तो थर्मोस्टॅट बिघडल्याचा पुरेसा पुरावा मानावा का? की हीटरच्या दोन्ही पाइपांचे तापमानही आधी मोजून पाहावे? हे काम स्वतः केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.