दुःखातल्या माणसाला "देवाची योजना आहे" असं सांगावं का?

घणसोलीकर:
मार्चमध्ये कंपनीला टाळं लागलं, १६ वर्षांची नोकरी गेली. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना तिघांनी खांद्यावर हात ठेवून एकच ऐकवलं, "देवाची काहीतरी योजना असेल." एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर बायबलमधलं यिर्मया २९:११ पाठवलं, "तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत" असं देव सांगतो ते, मागे सूर्योदय! माझा विश्वास उडालेला नाही. पण ते वचन बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आदल्याच ओळीत ७० वर्षं म्हटलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेच तिकडेच मरणार. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, हेही त्याच पत्रात आहे. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

कोपरीची सून:
दोन वर्षं झाली, नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. पहाटे साडेपाचला रिक्षावाला नको म्हणून निघून जातो, तेव्हा मी हेच पुटपुटते, प्रभूची योजना आहे. तुम्हाला जे वाक्य खुपतं त्याच्यावर माझा दिवस निघतो.

घणसोलीकर:
ताई, ते तुम्ही स्वतःशी म्हणता. मी तुमच्या दारात येऊन म्हटलं तर?

कोपरीची सून:
म्हणा की! आधी या तर. काय बोलावं कळत नाही म्हणून मंडळीतले निम्मे लोक यायचेच बंद झाले. चुकीचं बोलणारा निदान चप्पल काढून आत तरी येतो.

मासुंद्याकाठी:
बायबलमधला ईयोब, सगळं गमावलेला नीतिमान माणूस, त्याचे मित्रही आलेच होते. सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसले, अवाक्षर नाही. तोवर ठीक होतं. मग तोंड उघडून कारणं सांगायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच. ईयोबाला मात्र कारण कधीच कळलं नाही. १९२१ मध्ये पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली. त्यांनी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही, पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. त्यांना कुणी योजना समजावून सांगितली असेल असं वाटत नाही.

ऐरोलीचा पाहुणा:
मी ख्रिस्ती नाही. आमच्याकडे "नशिबात होतं" म्हणतात. फरक काय?

मासुंद्याकाठी:
नशिबाला जाब कोण विचारणार? बायबलमधलं १३ वं स्तोत्र काढून बघा, "कुठवर, परमेश्वरा?" असं पहिल्या दोन ओव्यांत चारदा विचारलंय. आमच्या प्रार्थनासभेत असं कुणी मोठ्याने विचारलं तर पाळकसाहेब लगेच गाणं सुरू करतील, ती गोष्ट वेगळी.

घणसोलीकर:
ताई, डायलिसिसचे वार कोणते? मी सध्या रिकामाच आहे, आणि गाडी अजून विकलेली नाही. वचन ऐकवणार नाही.

कोपरीची सून:
मंगळ, गुरु, शनि. सव्वापाचला खाली या. आणि मी याला योजनाच म्हणणार, ऐकून घ्यावं लागेल.