परवानगी मालकाची की कसणाऱ्याची?

दुसऱ्याच्या शेतात कुत्र्याने सशाची शिकार करायची तर ‘जमीनमालक हो म्हणाला की झालं’ असं काहींना वाटतं. इंग्लंड-वेल्समध्ये तेवढ्याने भागत नाही. तिथल्या २००४च्या हंटिंग ॲक्टनुसार कुत्र्याने जंगली प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे. सशाच्या शिकारीला त्यातून सूट आहे, पण परवानगी जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची लागते. मालकाची चालते ती जमीन कोणाच्याच ताब्यात नसेल तर. शेत खंडाने दिलं असेल तर कुळालाच विचारा. होकार कागदावर घ्या: कोणती शेतं, किती दिवस, गाडीचा नंबर.

पहिल्या भेटीला कुत्रा गाडीतच ठेवा. दूध काढायची वेळ टाळा. मेंढ्या विण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, जाऊच नका. ‘मेंढ्यांमागे लागतो का?’ हा प्रश्न हमखास येतो. दोरीवर धरून कळपाजवळून नेऊन दाखवा. कान टवकारून त्याने दोरी ताणली, तर होकार मिळाला तरी कुत्रा सोडू नका.

मराठीत दोन्ही ससेच, पण ही सूट बिळात राहणाऱ्या रॅबिटपुरती आहे. उघड्यावर बसणारा, लांब कानांची टोकं काळी असलेला हेअर त्यात येत नाही. आपल्याकडचा रानससा हेअरच. त्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. इथे शेतमालकाची परवानगी काही कामाची नाही.